कासवाच्या ताटात काय असावं? काकडी, कॅल्शियम आणि आपलं भिलाईचं ऊन

माशांच्या टाकीवरचे भाग झाल्यावर कासवांबद्दल बरीच विचारणा झाली, म्हणून आजचा भाग त्यांचाच. विचारणाऱ्यांचं म्हणणं साधारण एकच असतं: "आमचं कासव काकडी, टोमॅटो अगदी आवडीने खातं. पोटभर खातं. मग त्याचं कवच मऊ का पडलं? डोळे का सुजले? चालताना पाय का ओढतंय?" म्हणजे घरच्यांनी उपाशी ठेवलेलं नाही. उलट जरा जास्तच लाड केलेत. तरी जनावर हळूहळू मरणाकडे चाललंय, आणि कासवाचा हा आजार इतका संथ असतो की दिसायला लागतो तेव्हा बहुधा सहा-आठ महिने उलटून गेलेले असतात.

खाण्याकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती टाळून पुढे जाता येत नाही. तुमच्या घरात आहे ते कासव नेमकं कोणतं? मराठीत आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो, इथे हिंदीत सगळेच कछुए. पण जमिनीवरचं आणि पाण्यातलं यांचं खाणं गाय आणि मांजर यांच्याइतकं नाही तरी बरंच वेगळं आहे. आणि कायद्याच्या दृष्टीनेही फरक पडतो.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव असेल तर ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिक्षा तीन ते सात वर्षं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारासाठीच्या साइट्स करारातही ते सर्वांत कडक यादीत गेलं. विहिरीत पाणी स्वच्छ ठेवायला म्हणून सोडतात ते पाण्यातलं देशी फ्लॅपशेल कासवही पहिल्याच अनुसूचीत आहे. वास्तूला चांगलं, लक्ष्मी येते, असं सांगून हे प्राणी विकले जातात. लक्ष्मीचं माहीत नाही, वनखातं मात्र नक्की येतं. असं कासव घरात असेल तर दुर्गच्या वनमंडळ कार्यालयाशी बोला आणि ते त्यांच्या हवाली करा. नदीत, शेतात नेऊन सोडू नका. पाळलेल्या कासवाकडून जंगली कासवांत रोग जातात, आणि स्टार कासवाचं घर गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र-तमिळनाडूची झुडपी रानं, श्रीलंका हे आहे. आपल्या इथल्या भाताच्या बांधावर ते काय करणार?

मग कायदेशीर काय उरतं? परदेशी जाती. त्यातही आफ्रिकेचं सुल्काटा वगैरे जमिनीवरची कासवं साइट्सच्या यादीत आहेत, त्यांची २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि ॲक्वेरियमच्या दुकानात नाण्याएवढं, हिरवंगार, कानामागे लाल पट्टा असलेलं मिळतं ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेचं. भिलाईत दहातल्या नऊ घरांत हेच असावं असा माझा अंदाज. आधी जमिनीवरच्यांचं बघू, कारण समतोल आहार म्हणजे काय ते त्यांच्यावरून चांगलं कळतं. मग स्लायडरकडे येऊ.

कासवाचं कवच हे शंखासारखं बाहेरून घातलेलं घर नाही. ते त्याचं हाड आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा रुंद होऊन एकमेकांना जुळले की ती ढाल तयार होते. वर दिसतात त्या खापऱ्या आपल्या नखाच्या पदार्थाच्या. म्हणजे या प्राण्याच्या शरीरात हाडाचं प्रमाण प्रचंड, आणि वाढत्या पिल्लाला कॅल्शियमची भूकही तशीच प्रचंड. आता शरीराची एक अडचण बघा. रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण सांभाळावं लागतं. अन्नातून फॉस्फरस जास्त आला आणि कॅल्शियम कमी आलं, तर शरीर ते कॅल्शियम कुठून आणतं? स्वतःच्या हाडातून. म्हणजे कवचातून. घर चालवायला घराच्याच विटा काढून विकायच्या, तसं. म्हणून कवच मऊ पडतं, जबडा वाकडा होतो, पायात जोर राहत नाही.

जमिनीवरच्या शाकाहारी कासवाच्या अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट असावं, असा सर्वसाधारण नियम आहे. आता आपल्या लाडक्या काकडीचा हिशेब मांडू. १०० ग्रॅम काकडीत कॅल्शियम साधारण १६ मिलिग्रॅम, फॉस्फरस २४. म्हणजे उलटंच. टोमॅटोत १० आणि २४. केळ्यात ५ आणि २२. गाजरात जवळजवळ सारखं. शिजवलेल्या भातातही फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. उलट फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानात कॅल्शियम १६० च्या आसपास आणि फॉस्फरस १६, म्हणजे दहापट! बांधावरचं निवडुंग, ज्याच्याकडे आपण ढुंकून बघत नाही. काटे आणि ती बारीक कुसं चाकूने खरवडून, हवं तर विस्तवावर जरा फिरवून, काप करून द्या.

इथे कोणीतरी हुशार प्रश्न विचारतोच: "मग काकडीवर कॅल्शियमची पूड टाकली तर?" करू या हिशेब. १०० ग्रॅम काकडीत फॉस्फरस २४, त्याच्या दुप्पट ४८ कॅल्शियम हवं, आहे १६, कमी पडलं ३२ मिलिग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं. म्हणजे ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी पूड, इवलीशी चिमूट, टाकली की प्रमाण जमलं. कागदावर काकडी एकदम उत्तम अन्न झाली.

पण काकडी म्हणजे ९५ टक्के पाणी. १०० ग्रॅममध्ये चोथा अर्धा ग्रॅम. आणि कासवाचं पोट चोथ्यासाठी घडलेलं आहे. त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची वसाहत असते. गवताचा, पाल्याचा चोथा तिथे कित्येक दिवस मुरतो, जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून कासवाला शक्ती मिळते. गाईच्या पोटात पुढे जे चालतं ते इथे मागे चालतं. या जिवाणूंना रोज चोथा हवा. केळं, आंबा, पपई, सफरचंद असं गोड आलं की भलतेच जिवाणू माजतात, पोट फुगतं, विष्ठा पातळ होते, जंत वाढतात. म्हणून पूड टाकून काकडी सुधारत नाही. प्रमाण जमतं, पोट रिकामंच राहतं. मला वाटतं कासवाच्या आहाराबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं: फळभाजी नव्हे, पालापाचोळा. ताटाचा तीन-चतुर्थांश भाग गवत आणि रानपाला, उरलेल्यात बाजारातली पालेभाजी आणि थोडी फुलं. गवतात पहिली आपली दूर्वा. गणपती झाला की संपते असं नाही, वर्षभर उगवते.

आता बाजारात चला. या बाबतीत आपण छत्तीसगढमध्ये राहतो हे भाग्य समजा. भाजी म्हणजे पालेभाजी हा अर्थ जितका इथे जिवंत आहे तितका क्वचित कुठे असेल. भिलाई-३ च्या बाजारात किंवा रविवारी सुपेल्याला गेलात तर पाल्याचे ढीगच्या ढीग. फक्त भाजीवालीला शेवग्याचा पाला म्हटलं तर कळणार नाही, मुनगा भाजी म्हणा. मुनग्यात कॅल्शियम भरपूर, आणि शेजारच्या अंगणात फुकटही मिळतो. मात्र प्रथिनंही चांगलीच असतात, तेव्हा तो मूठभर, ताटभर नाही. लाल भोपळ्याची पानं आणि फुलं चालतात. जास्वंदीची पानं, फुलं दोन्ही उत्तम, आणि लाल फूल बघून कासव धावत येतं, हो, कासवसुद्धा. तुतीची पानं मिळाली तर सोनं. पावसाळ्यात कुंपणाला वाढणारा केना, रताळ्याचे वेल, झेंडूची फुलं, तीही फवारणी नसलेली. हारातली नकोत.

पालक, चौलाई, लाल भाजी, घोळ यांच्यात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण ऑक्झलेटही भरपूर. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीराला घेऊ देत नाही. तुमच्या पगारातून आधीच कर्जाचा हप्ता कापून जावा तसं. म्हणून या भाज्या अधूनमधून, मिसळीत. रोज एकट्या नकोत. कोचईची, म्हणजे अळवाची पानं अजिबात नकोत, आपणसुद्धा ती चिंच घालून शिजवल्याशिवाय खात नाही. कोबी-फुलकोबीचा पाला रोज दिला तर थायरॉइडवर ताण येतो. चरोटा, आपला टाकळा, सारक आहे, मी तो टाळायला सांगतो. आणि नाल्याच्या कडेला जांभळ्या फुलांनी डवरलेलं बेशरम, शिवाय कण्हेर, धोत्रा, घाणेरी, एरंड, घरातला मनीप्लांट, ही सगळी विषारी. कासवाला विष कळतं असं समजू नका, बंद घरातलं कासव समोर येईल ते खातं.

पाला कुठून आणता तेही बघा. रेल्वे यार्डाच्या कडेला पावसाळ्यात गवत छान हिरवं असतं, पण रुळांच्या बाजूला तणनाशक मारतात. ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेचंही नको, ट्रकांचा धूर आणि धूळ सगळी त्याच्यावर. घरी कुंडीत दूर्वा आणि दोन जास्वंदी लावल्या तर प्रश्नच मिटला.

काय देऊ नये यात अजून एक गट आहे, तो आपल्या प्रेमाचा. पोळी, पाव, बिस्कीट, दूध, भिजवलेली डाळ, कुत्र्याचं खाणं. जमिनीवरच्या शाकाहारी कासवाला मांस-अंडी नकोत, दूध त्याला पचत नाही, आणि धान्य पोटात आंबतं. यावर हमखास कोलकात्याच्या अद्वैताचं उदाहरण देतात. अलिपूर प्राणिसंग्रहालयातलं ते अल्डाब्रा जातीचं प्रचंड कासव मार्च २००६ मध्ये गेलं, तेव्हा त्याचं वय अडीचशे वर्षांच्या पुढे होतं असं सांगितलं जायचं. आणि ते कोंडा, गाजर, भिजवलेले हरभरे, पाव खायचं. खरं आहे. पण तो अडीचशे किलोच्या घरातला प्राणी दिवसभर मोकळ्या उन्हात होता आणि गवतही खात होता. तुमचं कासव फ्लॅटच्या गॅलरीत आहे.

उन्हाचं आलंच, तर खाण्याइतकंच ते महत्त्वाचं. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला डी-३ जीवनसत्त्व लागतं. शाकाहारी कासवाला ते पाल्यातून मिळत नाही. उन्हातल्या यूव्ही-बी किरणांनी कातडीत तयार होतं. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. म्हणजे काचेमागे रोज चार तास ऊन खाणारं कासव शेकतं, पण त्याला डी-३ मिळत नाही. कितीही निवडुंग द्या, आत जायला दार बंद. थंडीत दहा ते बारा मोकळ्या जागेत सोडा. मे महिन्यात मात्र आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा सकाळी लवकर, तासाभराच्या आत, आणि निम्म्या जागेत सावली पाहिजेच. काचेच्या टाकीत कासव घालून ती टाकी उन्हात ठेवू नका. अर्ध्या तासात ती भट्टी होते, आणि भट्टी काय असते ते भिलाईकरांना मी सांगायला नको. ऊन नसेल तर यूव्ही-बीचा खास दिवा मिळतो. तो दिसायला वर्षानुवर्षं जळतो, पण किरण कमी होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षाने बदलावा लागतो.

आणि ऊब नसेल तर पचनही नाही. जानेवारीत रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो. संध्याकाळी भरपेट दिलेलं खाणं थंड पोटात तसंच पडून राहतं आणि सडतं. म्हणून थंडीत खाणं सकाळी, अंग तापल्यावर. खात नसेल तर आग्रह नको, आधी ऊब द्या.

पाणी थोडक्यात सांगतो. जमिनीवरच्या कासवाला आठवड्यातून दोन-तीनदा, पिल्लाला रोज, कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ते पाणी पितं आणि पोटही साफ होतं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की मूत्राशयात खडे होतात.

पाठीवरच्या खापऱ्या उंच, टेकड्यांसारख्या वाढतात, त्याला पिरॅमिडिंग म्हणतात. वर्षानुवर्षं समज होता की हे जास्त प्रथिनांमुळे होतं. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी सुल्काटाच्या पिल्लांवर प्रयोग केला, तेव्हा प्रथिनांपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम बराच जास्त निघाला. कोरड्या हवेतली पिल्लं जास्त खडबडीत झाली. म्हणजे कूलरच्या नाही, एसीच्या खोलीत वाढणाऱ्या पिल्लाला ओलसर नारळाच्या काथ्याची लपायची जागा हवी. स्टार कासवाच्या खापऱ्या निसर्गातही थोड्या उंच असतात, ते वेगळं.

आता स्लायडर. याचं गणित वयाबरोबर बदलतं. पिल्लू असताना तो मुख्यतः मांसाहारी, मोठा होईल तसा शाकाहाराकडे वळतो. दुकानात त्याच्यासोबत सुकवलेल्या झिंग्यांची डबी मिळते आणि "एवढंच द्या" असं सांगतात. त्या झिंग्यांच्या कवचात कॅल्शियम आहे, पण अ जीवनसत्त्व नाही म्हणण्याइतकं कमी. सहा महिने फक्त तेच खाल्लं की पापण्या सुजतात, डोळे बंद होतात. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी बिघडतं. सुरुवातीला ज्या सुजलेल्या डोळ्यांबद्दल बोललो ते बहुतेक हेच. लोक त्यात माणसांचे डोळ्यांचे थेंब घालतात. थेंबांनी काही होत नाही, कारण रोग डोळ्यात नाही, ताटात आहे. पण इंजेक्शनची घाईही नको, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलून निघते. डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे हे या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

स्लायडरच्या पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड खाणं पुरतं. पाया म्हणून चांगल्या प्रतीच्या कासवांच्या गोळ्या, सोबत हिरवं: अझोला, टाकीत तरंगणारी बारीक टिकल्यांसारखी वनस्पती, मुनगा, किसलेलं गाजर आणि लाल भोपळा. मांसाहारात छोटे अख्खे मासे काट्यांसकट, गांडुळं. नुसत्या चिकनचा हिशेब बघा: १०० ग्रॅममध्ये फॉस्फरस २०० च्या वर, कॅल्शियम १२ च्या आसपास. ते फिटवायला ग्रॅमभर कॅल्शियम कार्बोनेट लागेल. अख्ख्या माशात हाडं असतात म्हणून तो बरा. स्लायडर पाण्याबाहेर गिळू शकत नाही, म्हणून वेगळ्या टबात पाण्यातच खायला घाला, म्हणजे मोठी टाकी घाण होत नाही. आणि वर चढून अंग पूर्ण कोरडं होईल अशी उन्हाची जागा त्यालाही हवी.

कॅल्शियम कुठलं द्यायचं? समुद्रफेस. पक्ष्यांच्या दुकानात आणि काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतो. जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटच, तुकडा ठेवून द्या, कासव हवा तेवढा कुरतडतं. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, बारीक कुटलेलंही चालतं. पानाचा चुना मात्र चुकूनही नको. तोही कॅल्शियमचाच, पण दाहक आहे, तोंड आणि अन्ननलिका जाळतो. आपल्या औषधाच्या कॅल्शियमच्या गोळ्याही नकोत. त्यात बहुधा डी-३ घातलेलं असतं, आणि ते साठ किलोच्या माणसासाठी मोजलेलं असतं. दोनशे ग्रॅमच्या कासवाला ते जास्त झालं की कॅल्शियम हाडाऐवजी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत बसतं.

हे सगळं बरोबर चाललंय की नाही ते कळणार कसं? स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. दर रविवारी कासवाचं वजन करा आणि तारखेसह वहीत लिहा. पिल्लाचं वजन हळू पण सतत वाढायला हवं. दोन-तीन आठवडे घसरलं तर खाणं दिसायला ठीक असलं तरी काहीतरी बिघडलंय. कवच कडेला हलकं दाबून बघा. अगदी लहान पिल्लाचं थोडं लवतं, वर्षाच्या पुढचं लवता कामा नये. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांचे तर स्वतः धुऊन द्या. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो, आणि मुलं ती तोंडाला लावतात म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे.

शेवटचा प्रश्न अनेकांचा असतो: नाण्याएवढा स्लायडर ताटलीएवढा झाला, टाकीत मावत नाही, आता काय? तो पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरचा होतो, हे विकताना कोणी सांगत नाही. शिवनाथमध्ये, खारूनमध्ये किंवा मरोद्याच्या तलावात तो सोडायचा नाही. तो तिथे मरत नाही, हीच अडचण आहे. ऊन खायच्या जागा आणि खाणं तो देशी कासवांकडून हिसकावतो. जगभर उपद्रवी म्हणून गाजलेल्या जातींपैकी तो एक आहे. सिमेंटचा हौद बांधायची ज्याची तयारी आहे असा माणूस शोधा, किंवा स्वतःच अंगणात बांधा. चार फूट रुंद, सहा फूट लांब, दीड-दोन फूट पाणी, एका कोपऱ्यात चढायला उतरता दगड आणि वर जाळी, कारण मांजर आणि कावळे येतात. अशा हौदात अझोला सोडला तर खाण्याचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. मात्र आधी अझोला वेगळ्या टबात वाढवा आणि रोज ओंजळभर हौदात टाका, नाहीतर कासव दोन दिवसांत सगळा फस्त करतं.